निगेटिव्ह आणि स्लाइड घरीच डिजिटल करताना: कमी खर्चात, पण एकदाच आणि नीट

जुने फोटो डिजिटल करायचे ठरलं की बहुतेक घरांत अल्बम बाहेर निघतो आणि मोबाइलनं एकेका प्रिंटचा फोटो काढायला सुरुवात होते. त्याच कपाटात स्टुडिओच्या पाकिटातल्या निगेटिव्ह मात्र तशाच पडून राहतात. मेहनत खरं तर तिथे घालायला हवी. प्रिंट ही निगेटिव्हची नक्कल. लॅबच्या मशीननं तिच्या कडा थोड्या कापलेल्या असतात, गडद भाग काळे आणि उजळ भाग पांढरे करून टाकलेले असतात. पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, मांडवाच्या अंधारात उभी असलेली माणसं, कडेला अर्धवट आलेला नातेवाईक हे सगळं निगेटिव्हमध्ये अजून असू शकतं.

या कामाचे दोन भाग पडतात: टिपणं, म्हणजे फिल्मवरचं चित्र स्कॅनरनं किंवा कॅमेऱ्यानं फाइलमध्ये उतरवणं, आणि रंग दुरुस्त करणं. रंग पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येतात. दहा वर्षांनी चांगलं सॉफ्टवेअर आलं तर तेव्हाही करता येतील. टिपणं मात्र एकदाच होतं, कारण हजारभर फ्रेम (फिल्मवरची एकेक चित्रं) दुसऱ्यांदा काढून कोणी बसत नाही. म्हणून पैसा आणि वेळ टिपण्यावर घाला, रंगांची घाई करू नका.

आधी काय आहे ते ओळखा

सगळी पाकिटं एका स्वच्छ चादरीवर काढा आणि आकारानुसार वेगळी करा. सत्तरीच्या दशकानंतरच्या बहुतेक रंगीत निगेटिव्ह ३५ मिमीच्या असतात: दोन्ही कडांना भोकं, आणि प्रत्येक फ्रेम २४ × ३६ मिमी. आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यांत १२० नंबरचा रोल बसायचा. त्याच्या कडांना भोकं नसतात, आणि चौकोनी फ्रेम नावाला ६ × ६ सेमी असली तरी प्रत्यक्षात साधारण ५६ × ५६ मिमी भरते. छोट्या कार्ट्रिजवाल्या ११० फिल्मची फ्रेम जेमतेम १३ × १७ मिमी, म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. स्लाइड पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ५ × ५ सेमी चौकटीत असते आणि उजेडात धरली की सरळ रंगातच दिसते.

फिल्मच्या काठावरचा मजकूर वाचा. कंपनीचं नाव, फ्रेमचा क्रमांक, कधी फिल्मचा प्रकार तिथे असतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म आपल्याकडे घरोघरी होती. पूर्व जर्मनीच्या ऑर्वो फिल्मही सापडतात. काठावर ‘सेफ्टी’ लिहिलेलं असेल तर ती नायट्रेट (जुन्या, ज्वालाग्राही प्लास्टिकची) फिल्म नाही. १९५० च्या सुमाराच्या किंवा त्याआधीच्या फिल्मवर तसं लिहिलेलं नसेल, ती पिवळट, चिकट झाली असेल, तर ती नायट्रेट असू शकते. नायट्रेट सहज पेटते, म्हणून तिला गरम दिव्याजवळ नेऊ नका आणि बाकीच्यांपासून वेगळी, थंड जागी ठेवा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ही प्रक्रिया उलटी फिरत नाही. पुढे फिल्म आकसते, सुरकुतते आणि इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, उचकटतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वास येणाऱ्या, मग बुरशी लागलेल्या, मग रंग उडत चाललेल्या रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइड. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह चांदीच्या कणांची असते आणि सर्वांत जास्त टिकते. ती शेवटी घेतली तरी चालेल. बहुतेक जण उलट करतात, आजोबांच्या कृष्णधवलपासून सुरुवात करतात, आणि तोवर ऐंशीच्या दशकातले रंग आणखी फिके होतात.

कोणतं साधन घ्यायचं

कागदपत्रं स्कॅन करायचा साधा फ्लॅटबेड स्कॅनर निगेटिव्हच्या उपयोगाचा नाही. फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो, आणि त्यासाठी झाकणात वेगळा दिवा हवा. कॅनन लायडसारख्या सपाट, यूएसबीवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये तो नसतो. शिवाय त्यांची फोकसची खोली इतकी कमी असते की काचेपासून दोन मिमी वर असलेली वस्तूही धूसर येते. प्रिंटसाठी मात्र तो उत्तम आहे.

झाकणात दिवा असलेला एप्सन व्ही ६०० सारखा स्कॅनर फिल्मसाठी चालतो. त्याच्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) लिहिलेलं असतं, पण खरा तपशील साधारण १६०० डीपीआयपर्यंतच मिळतो. म्हणजे ३५ मिमी फ्रेममधून सुमारे साडेतीन मेगापिक्सेलचं खरं चित्र. मोबाइलवर आणि छोट्या प्रिंटला ते पुरतं. १२० च्या चौकोनी निगेटिव्हमधून त्याच स्कॅनरवर बारा मेगापिक्सेलच्या आसपास निघतात, आणि तिथे तो पैसे वसूल करतो. ३५ मिमी फ्रेम ३२०० डीपीआयला घ्या; त्यापुढे नुसती फाइल फुगते आणि वेळ जातो.

स्लाइड आणि निगेटिव्ह आत सरकवायचे, छोटा पडदा असलेले स्वस्त डबे ऑनलाइन दिसतात. ते घेऊ नका. आत मोबाइलसारखा छोटा सेन्सर असतो, फोकस कायमचा बसवलेला असतो, फाइल फक्त जेपेग मिळते, आणि जाहिरातीतले मेगापिक्सेल पुष्कळदा फुगवलेले असतात.

घरात किंवा मित्राकडे लेन्स बदलता येणारा कोणताही डिजिटल कॅमेरा असेल, अगदी दहा-बारा वर्षं जुना असला तरी, तोच सर्वांत स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फ्रेम पूर्ण भरली तर ती साधारण ४२०० डीपीआयच्या बरोबरीची होते, आणि एक रोल पंधरा-वीस मिनिटांत हातावेगळा होतो. फ्लॅटबेडवर त्यालाच तासाभराहून जास्त लागतो. इथून पुढे मुख्यतः याच पद्धतीबद्दल.

कॅमेऱ्याची मांडणी

प्रश्न एवढाच की छोटी फ्रेम सेन्सरभर कशी आणायची. मॅक्रो लेन्स (अगदी जवळच्या छोट्या वस्तू टिपणारी) असेल तर काहीच करावं लागत नाही. नसेल तर साधी ५० मिमी लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सचं फोकल लेंग्थ (५० मिमी लेन्सचं ५०) म्हणजे मोठेपणा, फ्रेम सेन्सरवर किती पट उमटते ते. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी आणि फ्रेमची ३६ मिमी, म्हणजे ०.६५ पट हवं. ५० मिमी लेन्सला त्यासाठी ३२ मिमी ट्यूब लागते. संचात १२, २० आणि ३६ मिमीच्या ट्यूब असतील तर १२ आणि २० जोडा. कॅननच्या एपीएस-सीला ३१ मिमी पुरतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला (त्याचा सेन्सर ३५ मिमी फ्रेमएवढा असतो) एकास एक हवं, म्हणजे पूर्ण ५० मिमी. ६ × ६ च्या निगेटिव्हला एपीएस-सीवर फक्त १४ मिमी लागतात. या मांडणीत ३५ मिमीची फिल्म लेन्सपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर येते.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्सही चालते, पण ती ५५ मिमीवर ठेवा. १८ मिमीला एवढी ट्यूब लावली तर फोकस लेन्सच्या आत जाऊन पडतो. कडा मात्र थोड्या मऊ येतील.

ट्यूब घेताना धातूचे संपर्कबिंदू असलेल्या घ्या. बिनसंपर्काच्या खूप स्वस्त असतात, पण कॅननची ईएफ लेन्स त्यांवर पूर्ण उघडी राहते आणि अॅपर्चर-रिंग (लेन्सचं प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करायची कडी) नसलेली निकॉनची ‘जी’ प्रकारची लेन्स पूर्ण बंद होऊन बसते. जुनी, हातानं फिरवायच्या अॅपर्चर-रिंगची ५० मिमी लेन्स असेल तर हा प्रश्नच नाही, आणि ती या कामाला किट लेन्सपेक्षा सरस ठरते.

बंद पडलेल्या स्टुडिओंचे एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायची यंत्रं) अजूनही पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा स्टुडिओवाल्यांच्या माळ्यावर मिळतात. दिव्याचं डोकं काढून त्या जागी कॅमेरा पक्का केला की खांब आणि पाट मिळून उत्तम कॉपी-स्टँड तयार होतो. कॅमेरा वर-खाली करायची चाकी आयती असते. त्याच्यासोबतची निगेटिव्ह धरायची चौकटही सोडू नका. एनलार्जर नसेल तर मधला दांडा उलटा लावता येणारा ट्रायपॉड चालतो; त्याच्या पायांना वजन बांधा.

प्रकाशासाठी चित्र गिरवायचा ए-५ आकाराचा एलईडी पॅड साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. कृष्णधवलला तो पुरेसा आहे. रंगीतसाठी शक्य असेल तर ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेला छोटा व्हिडिओ दिवा घ्या आणि त्यावर दुधी अॅक्रिलिकचा ३ मिमी जाडीचा तुकडा ठेवा. असे तुकडे साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे कापून मिळतात. खराब सीआरआयच्या दिव्यात लाल आणि त्वचेचे रंग मळकट येतात आणि नंतर किती ओढाताण केली तरी स्वच्छ होत नाहीत. टॅबलेटची पांढरी स्क्रीन वापरायची असेल तर अॅक्रिलिक स्क्रीनपासून ३-४ सेमी वर ठेवा, नाहीतर पिक्सेलची जाळी फोटोत उतरते.

फिल्म दिव्यावर थेट ठेवायची नाही. ती दिव्यापासून २-३ सेमी वर असावी, म्हणजे पॅडवरची धूळ आणि ओरखडे फोकसबाहेर जातात. त्यासाठी काळ्या कार्डपेपरची चौकट करा. खालच्या कार्डाला २५ × ३७ मिमीची खिडकी कापा, म्हणजे फ्रेमच्या कडेची कोरी फिल्मही थोडी दिसेल. ती रंग उलटवताना लागणार आहे. त्या कार्डावर ३५ मिमीपेक्षा किंचित रुंद खाच सोडून दोन पट्ट्या चिकटवा आणि वर तशाच खिडकीचं दुसरं कार्ड ठेवा. पट्टी खाचेतून सरकते आणि सपाट राहते. फिल्म काचेत दाबण्याचा मोह होतो, पण गुळगुळीत काच आणि फिल्मची चकचकीत बाजू भिडली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. खिडकी सोडून पॅडचा उरलेला सगळा भाग काळ्या कागदानं झाका. आजूबाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला तर चित्र धुरकट होतं, आणि नवख्यांच्या स्कॅनमधला फिकटपणा पुष्कळदा फिल्मचा नसतो, या मोकळ्या उजेडाचा असतो.

कॅमेरा आणि फिल्म समांतर असणं इथे सर्वांत महत्त्वाचं. स्पिरिट लेव्हलपेक्षा अचूक उपाय: फिल्मच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. लेन्सचं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यावर आलं की दोन्ही समांतर झाले. एक कोपरा धूसर आणि समोरचा तीक्ष्ण येत असेल तर दोष जवळपास नेहमी इथेच असतो.

सफाई

धूळ काढायला पाच सेकंद लागतात. तीच धूळ संगणकावर पुसायला पाच मिनिटं. पंखा बंद करा, हात धुऊन कोरडे करा, फिल्म फक्त कडेला धरा. रबरी ब्लोअरनं दोन्ही बाजूंनी हवा मारा, मग मऊ ब्रश हलकेच फिरवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण पडतात. दाबलेल्या हवेचा डबा आडवा किंवा उलटा झाला तर द्रव गॅस बाहेर येऊन डाग पडतो.

बोटांचे ठसे आणि तेलकटपणा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. ते मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाला किंचित लावून चकचकीत बाजूनं पुसा, आणि आधी कडेच्या कोऱ्या भागावर करून बघा. सॅनिटायझर किंवा औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात. जुन्या स्टुडिओ पोर्ट्रेटच्या निगेटिव्हवर पेन्सिलीचं किंवा लाल रंगाचं रिटचिंग (हातानं केलेली दुरुस्ती) असतं. ते कारागिराचं काम आहे, पुसू नका.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ती जिलेटिन खाते, आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून बुरशी लागलेली फिल्म पाण्यानं धुतली तर चित्रच वाहून जाऊ शकतं. कोरड्या ब्रशनं सुटेल तेवढी झटका, तोंडाला मास्क लावा, आणि आहे तशी टिपा. प्लास्टिकच्या पिशवीला किंवा एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नका. महत्त्वाच्या असतील तर संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे.

हे काम पावसाळ्यात काढूच नये, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत. दमट हवेत इमल्शन मऊ होतं. दिवाळीनंतर सुरुवात करा. सुरळी झालेल्या पट्ट्या कागदी पाकिटात घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवल्या की बऱ्याच सरळ होतात.

टिपताना

सगळं मॅन्युअलवर: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर एफ/८, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली). एफ/८ पेक्षा बारीक करू नका. ट्यूब लावल्यावर प्रत्यक्ष अॅपर्चर आकड्यापेक्षा लहान होतं, ०.६५ पटीला एफ/८ हे एफ/१३ सारखं वागतं, आणि त्यापुढे चित्र मऊ पडू लागतं. शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा. स्वस्त एलईडी पॅड प्रत्यक्षात वेगानं उघडझाप करत असतात. वेगवान शटरला फोटोवर आडवे पट्टे येतात.

हळू शटरला थरथर चालत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा, आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावर चित्र पाहायची सोय, वापरा, आणि टेबलाजवळ मिक्सर किंवा वॉशिंग मशीन चालू नको. खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर फिल्मच्या चकचकीत बाजूवर ट्यूबलाइट दिसते.

फोकस चेहऱ्यावर करायचा नाही, फिल्मच्या दाण्यावर (चित्र घडवणाऱ्या बारीक कणांवर) करायचा. मूळ फोटोच हललेला असेल तर चेहरा कधीच तीक्ष्ण होणार नाही. दाणा मात्र नेहमी तीक्ष्ण असतो. पडद्यावर दहापट मोठं करून दाणा स्वच्छ दिसेपर्यंत कॅमेरा किंवा फोकस-रिंग हलवा, मग ऑटोफोकस बंद. पाच-सहा फ्रेमनंतर पुन्हा तपासा.

एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, रोलच्या सुरुवातीला ठरवा. निगेटिव्हमध्ये सर्वांत उजळ असते ती कडेची कोरी फिल्म. ती हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यावरच्या उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) उजव्या टोकाजवळ येईल पण कापली जाणार नाही, असं शटर निवडा आणि पूर्ण रोलभर तेच ठेवा. नारिंगी फिल्ममध्ये लाल रंग सर्वांत आधी भरतो, म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर लालकडे लक्ष ठेवा. प्रत्येक रोलमागे एक फ्रेम नुसत्या दिव्याची, फिल्मशिवाय, घ्या.

फिल्मची मंद बाजू म्हणजे इमल्शन, चकचकीत बाजू म्हणजे पाठ. काठावरची अक्षरं सरळ वाचता येत असतील तर पाठ तुमच्याकडे आहे आणि चित्र सुलट येईल. पट्टी उलटी गेल्याचं पुष्कळदा उशिरा लक्षात येतं. अशा वेळी शर्टाचा खिसा आणि साडीचा पदर बघा: खिसा डाव्या छातीवर आणि मराठी पद्धतीच्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असायला हवा. गुजराती पद्धतीचा पदर मात्र उजवीकडून पुढे येतो, म्हणून एकट्या पदरावर विसंबू नका. दुकानाची पाटी दिसली तर प्रश्नच मिटला.

स्लाइडचं वेगळं काय

रंग उलटवायचे नसल्यामुळे स्लाइड सोपी वाटते, पण तिच्यात गडद आणि उजळ यांतलं अंतर फार मोठं असतं. इथे प्रत्येक फ्रेमला एक्स्पोजर वेगळं लागतं, आणि पांढरा भाग कापला जाऊ नये हा नियम ठेवावा. फारच गडद स्लाइड असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) फरकानं तीन फोटो घ्या; कोणता वापरायचा किंवा तिन्ही जोडायचे ते नंतर ठरवा.

दिव्याच्या उष्णतेनं चौकटीतली फिल्म मध्येच फुगते आणि फोकस बदलतो. एलईडीला हे कमी होतं, तरी स्लाइड ठेवल्यावर पाच-दहा सेकंद थांबा. काचेच्या चौकटीत वर्तुळं किंवा बुरशी दिसली तर चौकट सावकाश उघडून फिल्म साध्या चौकटीत घाला.

गुलाबी-लाल पडलेल्या जुन्या स्लाइडमध्ये निळसर-हिरवा रंगद्रव उडालेला असतो. फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्स या साधनात लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग वेगळा घेऊन दोन्ही टोकं हिस्टोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटाला आणली की बराचसा तोल परत येतो. कोडॅकची कोडाक्रोम स्लाइड अंधारात ठेवलेली असेल तर तिचे रंग आश्चर्य वाटावं इतके ताजे असतात. स्कॅनरमधली इन्फ्रारेडवर चालणारी धूळ-सफाई मात्र कोडाक्रोमवर धड चालत नाही, आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर तर अजिबात नाही. तिथे ती बंद ठेवा, नाहीतर ती चित्रच खोडते.

निगेटिव्ह उलटवणं

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर हा दोष नाही, तो मुद्दाम घातलेला असतो. पण त्यामुळे नुसतं ‘इन्व्हर्ट’ केलं की चित्र निळं-हिरवं येतं. तीन रंगांना वेगवेगळी दुरुस्ती लागते.

डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यातलं निगाडॉक्टर हे साधन याच कामासाठी बनवलेलं आहे. क्रम असा:

१. फिल्मिक, सिग्मॉइड किंवा बेस कर्व्ह या उजेडाच्या छटा बदलणाऱ्या साधनांपैकी जे आपोआप चालू झालं असेल ते बंद करा. हे राहून गेलं तर पुढचं सगळं बिघडतं.
२. व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा तोल) नुसत्या दिव्याच्या फ्रेमवरून घ्या आणि पूर्ण रोलला लावा.
३. निगाडॉक्टर चालू करून कडेच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवरून फिल्मचा मूळ रंग निवडा. फ्रेमच्या खिडकीबाहेर उघडा दिवा दिसत असेल तर तो निवडीत येऊ देऊ नका.
४. आता काळ्या कडा वगळून चित्रापुरतं क्रॉप करा, मग कमाल घनता आणि स्कॅनचं एक्स्पोजर पिकरनं (चित्रावरून मूल्य उचलणाऱ्या बटणानं) ठरवा.
५. सावल्यांचा रंग आणि उजळ भागाचा रंग दुरुस्त करा. सावल्यांसाठी काळे केस, उजळसाठी पांढरा सदरा किंवा भिंत.
६. शेवटी कागदाचा काळा, ग्रेड (कॉन्ट्रास्ट) आणि प्रिंटचं एक्स्पोजर.

एका फ्रेमवर जमलं की तीच सेटिंग पूर्ण रोलवर चिकटवा आणि फ्रेमगणिक फक्त शेवटची पायरी बदला. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ‘फिल्म निगेटिव्ह’ हे साधन आहे, आणि अडोबीचं लाइटरूम असणाऱ्यांसाठी निगेटिव्ह लॅब प्रो हे विकतचं प्लगइन सर्वांत झटपट काम करतं.

कृष्णधवलसाठी एवढं काही लागत नाही. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र १६ बिटमध्ये (जास्त छटांत) घ्या, राखाडी करा, इन्व्हर्ट करा, लेव्हल्सची दोन टोकं आणि मधला बाण सरकवा. धूळ हील ब्रशनं पुसा, पण फक्त डोळ्याला खटकेल तेवढीच.

रंग तपासताना आकाशापेक्षा माणसांच्या त्वचेकडे बघा. लग्नाच्या फोटोंत व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनचा पिवळेपणा असतो. तो पूर्ण काढला तर चेहरे राखेसारखे होतात आणि सावल्या निळ्या पडतात. थोडा राहू द्या.

प्रिंट आणि अल्बम

निगेटिव्ह हरवली असेल, प्रिंट हातानं रंगवलेली असेल किंवा मागे मजकूर असेल, तर प्रिंट स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. स्कॅनरचं आपोआप शार्प आणि रंग सुधारणं बंद ठेवा.

चिकट पानांच्या प्लास्टिकवाल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, तो मध्येच मोडतो. दात साफ करायचा फ्लॉस कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. सुटत नसेल तर पान जसंच्या तसं स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच टिपा. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या प्रिंट स्कॅनरवर चमकतात; एकदा सरळ, एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करून दोन्ही थर अर्धे-अर्धे मिसळले की जाळी बरीच कमी होते.

फक्त मोबाइल असेल तर प्रिंट खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, थोडं लांबून दुपटीच्या झूमनं काढा. निगेटिव्हलाही मोबाइल आणि एलईडी पॅड चालतो, पण फ्रेम चित्राच्या मधल्या भागातच बसते आणि कापल्यावर दोन-तीन मेगापिक्सेल उरतात. कोणत्या पाकिटात काय आहे हे बघायला तेवढं पुरतं.

फाइल, नावं आणि मूळ फिल्म

रॉ फाइल कायमच्या ठेवा. त्याच तुमच्या नव्या निगेटिव्ह. ३६ फ्रेमचा रोल साधारण एक जीबी होतो. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ (न दाबलेली चित्रफाइल) मात्र एकटीच १४४ एमबी भरते, म्हणून टिफ फक्त निवडक फोटोंची, बाकी सगळ्यांची ९२ च्या दर्जाची जेपेग पुरेशी. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. गूगल फोटोजवर ठेवायचे असतील तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा.

फाइलचं नाव वर्ष, पाकीट, फ्रेम या क्रमानं: १९८४_पाकीट०१२_०७. वर्ष नक्की नसेल तर १९८x लिहा, अंदाज खरा म्हणून लिहू नका. माणसांची नावं, गाव, प्रसंग डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं फाइलच्या आतच लिहा, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी माहिती सोबत जाते. ही माहिती ज्यांना आहे त्यांचं वय बघता, हे काम रंग दुरुस्तीच्या आधी करा. ओबडधोबड उलटवलेल्या जेपेग टीव्हीवर लावून मोठ्यांसोबत बसा आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. आत्याबाई एका फोटोवरून पाच माणसं ओळखून देतात.

तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, तिसरी क्लाउडवर. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क जोडून फाइल उघडतात का ते बघा.

मूळ निगेटिव्ह टाकू नका. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्यांतून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला. माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून कोरड्या करा. व्हिनेगरचा वास येणाऱ्या फिल्म वेगळ्या डब्यात, बंद न करता हवा खेळती ठेवून. त्यांची वाफ बाकीच्यांनाही कुजवते. प्रत्येक पाकिटावर मऊ पेन्सिलीनं तोच क्रमांक घाला जो फोल्डरला दिला आहे, म्हणजे एखादी फ्रेम पुन्हा टिपायची वेळ आली तर सगळा डबा उपसावा लागत नाही.